‘कारण’ हा रकाना कोरा ठेवा: पुण्यातल्या मराठी मंडळ्यांना खुलं पत्र

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, पाळक, वडीलधारे पुढारी, कमिट्यांचे सभासद आणि सुवार्ता सप्ताहासाठी, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायच्या आठवड्यासाठी, राबणारी तरुण मुलं-मुली यांना,

सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी एका तरुण सभासदानं माझ्या हातात चार पानांची यादी ठेवली. झेरॉक्स, कोपऱ्यात स्टेपल. वर ठळक अक्षरात ‘मागे पडलेली कुटुंबे’. (शर्यत कुणी लावली होती, देव जाणे.) खाली रकाने: नाव, पत्ता, मोबाईल, शेवटची हजेरी, कारण. नाताळाआधी चौघाचौघांच्या तुकड्या करून या घरी जायचं, एक गाणं, बायबलमधलं एक वचन, प्रार्थना, धर्मप्रचाराची पत्रिका आणि नाताळच्या उपासनेचं निमंत्रण, असा बेत. ‘काका, घोरपडी-वानवडीकडची जुनी घरं तुम्हाला माहीत, तुम्ही आमच्या टीममध्ये या,’ तो म्हणाला. मुलगा गुणी आहे. आठवडाभर हिंजवडीला जाऊन-येऊन पिट्ट्या पडतो, तरी शनिवार मंडळीला देतो. त्याचं मन मोडवेना म्हणून हो म्हणालो आणि यादी घडी करून खिशात घातली.

घरी येऊन चष्मा लावून वाचली. ‘कारण’ या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढे एकेक शब्द आहे. थंड. जगिक (म्हणजे जगाच्या मोहात अडकलेला). संपर्क नाही. वर्गणी बाकी. हिंदू मुलाशी लग्न. एका बाईंच्या नावापुढे नुसतंच ‘अहंकार’. हे शब्द लिहिताना त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं हे उघड आहे, कारण स्वतःच्या नावापुढे ‘थंड’ असं कोण लिहून देईल?

तिसऱ्या पानावर, वरून सातव्या नावापुढे ‘थंड’ लिहिलं आहे. ते खोटं आहे. खरं कारण मला माहीत आहे, कारण ते मी आहे.

म्हणून हे पत्र. बंद पाकिटात घालून कमिटीला दिलं असतं, पण बंद पाकिटांचं पुढे काय होतं ते पंधरा वर्षं सेक्रेटरी म्हणून मी पाहिलं आहे. ती फाईलला लावायचं काम माझ्याकडेच होतं.

त्या घराची गोष्ट सांगतो. मंडळीचं नाव सांगत नाही, कारण पुढे सांगतोय तो नियम तेव्हा बऱ्याच ठिकाणी होता. एका सकाळी साडेसातला एक मुलगी आणि तिचा मामा माझ्या दारात उभे राहिले. मुलीचे वडील रात्री ससूनला वारले होते. दुपारी माती करायची होती. मी रजिस्टर उघडलं. वर्गणीची बाकी असेल तर ती भरून घेतल्याशिवाय दफनाची चिठ्ठी द्यायची नाही, असा ठराव होता. ठराव मी मांडलेला नव्हता, पण तो पाळण्यात माझ्याइतकं कडक कुणी नव्हतं आणि त्याचा मला अभिमानही होता. तीन वर्षांची बाकी निघाली. मामा म्हणाले, ‘साहेब, आधी माती होऊ द्या, मग तुमचं बघतो.’ मी म्हणालो, ‘नंतर कुणी येत नाही, माझा अनुभव आहे.’ मुलीनं पर्स उघडली. आत नोटा होत्या, चौकोनी घड्या घातलेल्या, बायका घरखर्चातून मागे टाकतात तशा. तिनं एकेक घडी उलगडली आणि माझ्या टेबलावर तळहातानं दाबून सपाट केली. कमी पडले ते मामांनी घातले. मी मोजून घेतले, कार्बन घालून पावती लिहिली, फाडून तिच्या हातात दिली आणि मग आवाज खाली आणून म्हणालो, ‘प्रभू तुमचं सांत्वन करो.’

दुपारी सगळं रीतसर झालं. गाणी झाली, वचन झालं, लोकही बरे जमले होते. त्यानंतर ती मुलगी देवळात आली नाही. लग्न केलं तेही रजिस्टर. एका मीटिंगमध्ये कुणीतरी त्या घराची चौकशी केली तेव्हा मी म्हणालो, ‘आजकालची मुलं, थंड झालीत.’ यादीतला शब्द बहुधा तिथूनच आलेला आहे. आपल्याकडे एक शब्द मिनिटबुकात शिरला की वीस वर्षं मरत नाही.

अशा माणसाच्या घरी आपली तुकडी गेली आणि तिनं मनातलं बोलून दाखवलं, तर आपलं उत्तर तयार असतं. ‘माणसांकडे पाहू नका, ख्रिस्ताकडे पाहा.’ मी स्वतः हे इतक्या वेळा म्हटलं आहे की त्याचा हिशेब नको. ऐकायला किती नम्र वाटतं! पण जरा ते ऐकणाऱ्याच्या जागी बसून बघा. ज्यानं पायावर पाय दिला तोच सांगतोय की पायाकडे बघू नका, वर आभाळाकडे बघा. आणि हे वाक्य बायबलला धरून आहे म्हणावं तर तेही नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूनं शिष्यांना जे सांगितलं ते योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे: तुमची एकमेकांवर प्रीती असेल तर त्यावरून सगळे ओळखतील की तुम्ही माझे. म्हणजे लोकांनी आपल्याकडे बघावं ही व्यवस्था त्यानंच करून ठेवली आहे. लोक बघतात ते त्याच्या सांगण्यावरूनच. पर्वतीच्या माथ्यावर घर बांधायचं आणि खालून जाणाऱ्यांना दटावायचं की वर बघू नका, असा आपला प्रकार.

माझी पहिली विनंती हीच आहे. हे वाक्य यंदाच्या सप्ताहात कुणी उच्चारू नये. ज्याला दुसरं काही सुचत नसेल त्यानं गप्प बसावं.

बरं, ही यादी फक्त आतून बाहेर गेलेल्यांची. जे कधी आत आलेच नाहीत, पण आपल्यामुळे ज्यांनी दार लावून घेतलं, त्यांची यादी कुणी केलेली नाही. केली तर ती चार पानांत मावणार नाही.

आमच्या सोसायटीतलंच सांगतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी गणपतीत सगळ्या घरांना वाटीतून उकडीचे मोदक पाठवतात. चारेक वर्षांपूर्वी आमच्या विंगेत आपल्यातलंच एक कुटुंब भाड्यानं आलं. प्रार्थनेत नेमानं, दानात पुढे. त्यांच्याकडेही वाटी गेली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती घासूनपुसून लख्ख, आणि आत एक पत्रिका. मूर्तिपूजेचे परिणाम या विषयावरची. मोदक कुठे गेले ते कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी पाहिलं आणि दुपारपर्यंत तीन मजल्यांना कळलं. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. त्या साखरेच्या जागी आपण पत्रिका घातली.

नैवेद्याचं खावं की खाऊ नये, यावर बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथकरांना चांगलं विस्तारानं लिहिलं आहे, आणि ते वाचूनही आपल्यात दोन मतं आहेत. असू देत. माझी पत्नी खात नसे. पण ती दारातच दोन्ही हात जोडून म्हणायची, ‘वहिनी, नैवेद्य दाखवलेलं आम्ही घेत नाही, रागावू नका हं. पण तुमच्या हातचे मोदक मला हवेतच. दाखवायच्या आधीचे चार बाजूला काढून ठेवाल का?’ आणि त्या ठेवायच्या. दर वर्षी, न सांगता, वेगळ्या डब्यात. नाताळात आमच्या करंज्या त्याच डब्यातून वर जायच्या. वाटीचं प्रकरण झालं तेव्हा वहिनींनी मला जिन्यात थांबवून अगदी खऱ्या कुतूहलानं विचारलं, ‘भाऊ, तुमच्यात दोन पंथ असतात का हो? एक तुमचा नि एक त्यांचा?’ मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. हडपसरच्या बाजूला एका घरगुती सभेत जाणारा एक मुलगा माझ्याकडे गणित शिकायला यायचा. आईला कॅन्सर होता. सभेतल्यांनी घरी येऊन प्रार्थना केली, रात्री जागवल्या, डबे पोचवले. हे सगळं चांगलंच. आई गेली. आठव्या दिवशी त्यांच्यातलाच एक जण घरी आला आणि म्हणाला, प्रार्थना पुरी पडली असती, पण घरात कुणाच्या तरी मनात शंका होती. मुलगा बारावीत. ‘कुणाच्या तरी’ म्हणजे आपल्याच, असं त्यानं धरलं आणि दोन वर्षं ते ओझं एकट्यानं वाहिलं. त्या गृहस्थांना आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू रडला एवढं एक वाक्य आठवलं असतं तरी पुरे होतं.

आणि जात. हा विषय निघाला की ‘आमच्यात नाही’ म्हणून आपण तो उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. नव्या विश्वासणाऱ्याला पहिल्या महिन्यातच ‘मूळ गाव कुठलं, आधीचं आडनाव काय’ विचारणारे आणि उत्तर ऐकून डोळ्यांनी माप घेणारे कोण आहेत? स्थळ सांगताना ‘ख्रिस्ती, पण आपल्यातलं हवं’ म्हणणारे कोण आहेत? आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरून मिशनच्या शाळेत आले. पाणवठ्यावरून त्यांना कसं हाकललं ते आपण साक्षीत डोळ्यांत पाणी आणून सांगतो. सांगून झाल्यावर आपण नवा पाणवठा बांधतो.

आता कुणी म्हणेल, हे असं चव्हाट्यावर कशाला? आधीच दिवस कसले आहेत, प्रार्थनासभा म्हटली की लोक संशयानं बघतात, त्यात आपणच आपली धुणी बाहेर वाळत घालायची? मला ही भीती समजते. पण संशयाच्या दिवसांत सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपल्या बाजूनं कोण उभं राहतं? वरच्या मजल्यावरच्या वहिनीच राहतात. वाटीत पत्रिका गेल्यानंतरही त्या राहतील का, हा प्रश्न मला जास्त काळजीचा वाटतो.

आपण पंडिता रमाबाईंचं नाव घेतो. केडगावला बस काढतो, त्यांच्या मुक्तिसदनाच्या आवारात फोटो काढतो, येताना शेतातल्या झाडाखाली डबे खातो. रमाबाई ख्रिस्ताकडे कशा वळल्या, ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींकडे, म्हणजे तिथल्या अँग्लिकन मठातल्या जोगिणींकडे, त्या राहत होत्या. याच भगिनींचं काम इथे पुण्यात पंचहौद मिशनमध्येही होतं. लंडनच्या फुलहॅम भागातलं त्यांचं एक घर रमाबाईंनी पाहिलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवून टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळत होते. असं काही त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एका भगिनीला विचारलं, तुम्ही यांची एवढी काळजी का घेता? तेव्हा त्या भगिनीनं योहानाचा चौथा अध्याय काढला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा; लोकांनी हलकी मानलेल्या तिच्याशी येशू आपणहून बोलला. क्रम लक्षात घ्या. आधी ते घर, मग रमाबाईंचा प्रश्न, आणि सगळ्यांत शेवटी वचन. आपण वचनानं सुरुवात करतो, आणि आपलं घर पाहून कुणाला प्रश्न पडावा अशी वेळ फारशी येत नाही.

पुढचा भाग आपण सहलीत सांगत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला बाप्तिस्मा झाल्यावर त्याच भगिनींशी रमाबाईंचे खटके उडाले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असं त्या विचारत. शाकाहार सोडायला तयार नव्हत्या. समजल्याशिवाय एकही सिद्धान्त कबूल करायला तयार नव्हत्या. त्यांना हट्टी म्हटलं गेलं, गर्विष्ठ म्हटलं गेलं. इकडे पुण्यातले सनातनी झोडपत होतेच. तिकडे आपले ख्रिस्ती लोकही त्यांचे कान धरत होते. ख्रिस्ताला त्यांनी सोडलं नाही, पण स्वतःची सदसद्विवेकबुद्धीही कुणाच्या हवाली केली नाही. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. आज रमाबाई आपल्या एखाद्या मंडळीच्या सभासद असत्या तर आपल्या यादीत त्यांच्या नावापुढे काय लिहिलं असतं, सांगू? ‘अहंकार.’

कवी ना. वा. टिळकांचंही बघा. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेत एक गोरा प्रवासी भेटला, आदबीनं बोलला, कवितेबद्दल बोलला आणि उतरताना नवा करार देऊन गेला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. म्हणजे पुस्तक हातात द्यायला माझी हरकत नाही. पण त्याआधी त्या डब्यात काय घडलं होतं? दोन माणसं एकमेकांशी बरोबरीनं बोलली होती. आणि लक्ष्मीबाई! नवरा ख्रिस्ती झाला त्या दिवशी जिचं घर मोडलं, तिच्याइतकं या धर्माकडून दुखावलेलं कोण असेल? त्यांचा बाप्तिस्मा १९०० चा. मधली पाच वर्षं कुठल्या सप्ताहात बसवणार?

परत माझ्या गोष्टीकडे येतो. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. माती करायच्या सकाळी मी सवयीनं पैशांचं पाकीट खिशात घालून मंडळीच्या ऑफिसात गेलो. आताचा सेक्रेटरी तरुण आहे. त्यानं रजिस्टर उघडलंही नाही. ‘पावतीचं नंतर बघू, काका, तुम्ही बसा,’ म्हणाला आणि पाणी आणून दिलं. ते पाणी मला गिळवेना. त्या टेबलावरच्या उलगडलेल्या नोटा दिसत होत्या.

तीन महिने घालवले. मग तिच्या मामांकडून नंबर घेतला आणि फोन केला. नाव सांगितलं. बराच वेळ काही आवाज नाही. मग, ‘कशाला?’ मी म्हणालो, ‘माफी मागायची आहे.’ ती म्हणाली, ‘या.’ त्या ‘या’मध्ये स्वागत नव्हतं, नुसती परवानगी होती.

पहिल्या दिवशी सेफ्टी डोअर उघडलं नाही. जाळीतूनच बोललो, दहाएक मिनिटं. मी एका पाकिटात त्या दिवशी घेतलेली रक्कम आणली होती, वर थोडी जास्त. ती म्हणाली, ‘हे देऊन तुम्हाला हलकं व्हायचंय. मी का तुमचं ओझं उतरवून घेऊ?’ बरोबर होतं तिचं. पाकीट परत खिशात घातलं आणि जिना उतरलो. दुसऱ्या वेळी तिनं आत घेतलं. कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात वडिलांचं पेन्शनचं पुस्तक, चष्मा आणि ती पावती. कार्बन फिकट झालेलं, पण वाचता येत होतं. ‘तुमचं अक्षर सुंदर आहे, काका,’ ती म्हणाली. ‘बघा, बाबांच्या नावाआधी तुम्ही ‘ख्रिस्तवासी’ असं पूर्ण लिहिलंय. शॉर्टमध्ये नाही. पैसे बाकीदाराचे घेतलेत आणि पावती ख्रिस्तवासीच्या नावानं फाडलीत.’

मी काय बोलणार? ती आत गेली आणि चहा घेऊन आली. पुण्यात चहा ही साधी गोष्ट नाही, हे आपल्याला तरी सांगायला नको. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला तेव्हा तो घेणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते; नावं छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर आलं. तेव्हा घेणाऱ्यांचा धर्म पणाला लागला होता. त्या दिवशी तिच्या घरी तो देणारीचा लागला होता, असं मला वाटतं. कप हातात घेताना माझा हात हलत होता. तिनं ते पाहिलं आणि खिडकीकडे बघितलं.

तिसऱ्या वेळी तिनंच विचारलं, ‘तुम्ही अजून जाता तिथे? का जाता?’

सुवार्ता सांगायची वेळ म्हणतात ती ही असावी. मला तोंडपाठ असलेलं एकही वाक्य त्या वेळी उपयोगी पडलं नाही. मी तिला मल्खाची गोष्ट सांगितली. गेथशेमाने बागेत प्रभूला धरायला लोक आले तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानं तलवार उपसून मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला. दासाचं नाव मल्ख, ते योहान सांगतो. प्रभूनं त्याच्या कानाला हात लावून तो बरा केला, ते लूक सांगतो. क्रुसावर जाण्याआधी त्यानं बरी केलेली ती शेवटची जखम, आणि ती वैऱ्यानं केलेली नव्हती. त्याच्याच माणसानं, त्याच्याच बाजूनं लढतोय अशा समजुतीनं केलेली. मी म्हणालो, ‘बाळ, कान मी कापला. तो परत लावणं माझ्या हातात नाही, पेत्राच्याही नव्हतं. तलवार म्यानात घाल, एवढंच त्याला सांगितलं गेलं. मी जातो तो यासाठी की पेत्रालाही नंतर त्यानं टाकलं नाही, समुद्रकिनारी विस्तव करून मासे भाजून जेवू घातलं. माझ्यासारख्याला दुसरीकडे कोण घेईल?’

ती काही बोलली नाही. ती देवळात आलेली नाही. येईल की नाही ते मी विचारलेलं नाही आणि आपणही विचारू नका. एवढंच सांगतो की या नोव्हेंबरात वडिलांच्या कबरेवर फुलं ठेवायला जाताना तिनं मला फोन केला आणि तेविसावं स्तोत्र वाचाल का म्हणून विचारलं. मी वाचलं. मध्ये एकदा अडखळलो, तेव्हा पुढची ओळ तिनं सांगितली. पाठ होतं तिला.

आता तुकड्यांबद्दल. चौघांनी जाऊ नका. चार माणसं, चार बायबलं, गळ्यात गिटार, हे पाहून दुखावलेल्या माणसाला जप्तीची टोळी आल्यासारखं वाटतं. एकानं जावं, आधी फोन करून जावं, आणि शक्यतो ज्यानं घाव घातला त्यानंच जावं. तो हयात नसेल तर त्याच्या जागी आज बसलेल्यानं जावं. न विचारता प्रार्थना सुरू करू नका. डोळे मिटून, देवाला उद्देशून, समोरच्याला चार गोष्टी ऐकवण्याची आपली जी हातोटी आहे ती घरीच ठेवा. ‘मग येताय ना रविवारी?’ हे दारात वळून म्हणू नका. त्या एका वाक्यानं तासाभराचं ऐकणं पाण्यात जातं. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूनं काय केलं ते लुकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. ती दोघं, त्याच्या अनुयायांपैकीच, त्याच्या मरणानंतर निराश होऊन यरुशलेमकडे पाठ करून चालली होती. आपल्या भाषेत मागे पडलेली. त्यानं विचारलं, काय झालं? त्याला सगळं माहीत असून विचारलं, आणि त्यांचं संपेपर्यंत ऐकलं. शास्त्र नंतर उलगडलं. गाव आलं तेव्हा तो पुढे निघाल्यासारखं करू लागला. त्यांनी आग्रह केला तेव्हा आत गेला.

आणि एक गोष्ट मवाळपणे सांगता येणार नाही. काही जखमा या नुसता कठोरपणा नसतात, गुन्हा असतात. कुणाच्या पैशांचा अपहार झाला असेल, कुणा बाईवर हात टाकला गेला असेल, तर ‘क्षमा कर, बहिणी, प्रभूनंही क्षमा केली’ हे तिला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. लहान मुलाच्या बाबतीत असं काही कळलं तर २०१२ चा पोक्सो कायदा सरळ सांगतो की पोलिसांना कळवायचं; कमिटीत दाबून ठेवणं हाही गुन्हाच. अशा घरी तुकडी पाठवू नका. वकील पाठवा, आणि त्याची फी मंडळीच्या खात्यातून द्या.

यंदा सप्ताहाचा आकडा वार्षिक अहवालात छापू नये, असंही सुचवतो. किती घरांना भेटी, किती पत्रिका, किती जण परत आले. ज्याला आकड्यात धरलंय त्याला ते कळतं, कसं कोण जाणे.

यादी मी सोबत परत पाठवत आहे. मोबाईल नंबर असलेला कागद असा हातोहात फिरू देऊ नका, झेरॉक्स किती निघाल्या ते मोजून परत घ्या. ‘कारण’ हा रकाना बाकीच्यांनी कोरा ठेवावा, ज्याचं त्यानं सांगेपर्यंत. मी फक्त एका ठिकाणी हात लावला आहे. तिसऱ्या पानावर, वरून सातव्या नावापुढचा ‘थंड’ हा शब्द खोडून तिथे ‘त्या वेळचे सेक्रेटरी’ असं लिहिलं आहे. जुन्या मिनिटबुकाशी ताडून पाहिलंत तर अक्षर ओळखाल.

आपला,
घोरपडीचा एक सभासद